परदेशी गुंतवणूकदार कोल्हापूरपर्यंत कसा आणावा

कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एखाद्या शेडमध्ये उभे राहून आउटसोर्सिंग म्हणजे काय असे विचारले, तर तिथला फोरमन एका शब्दात उत्तर देईल: जॉबवर्क. पार्टी ड्रॉइंग पाठवते, आपण पॅटर्न तयार करतो, सँपल पास करून घेतो, मग लॉट सुरू होतो आणि रिजेक्शन किती निघाले यावर पुढची ऑर्डर ठरते. परदेशातील कंपनी आपले हिशेब, विम्याच्या दाव्यांची तपासणी, ग्राहकांच्या तक्रारी किंवा यंत्रांचे आराखडे दुसऱ्या देशात करून घेते, तेव्हा व्यवहार याच चालीने चालतो. फरक इतकाच की माल टेम्पोतून न जाता तारेतून जातो आणि रिजेक्शन भंगाराच्या ढिगासारखे डोळ्यांसमोर साठत नाही. ओतकाम आणि मशिनिंगच्या जॉबवर्कवर वाढलेल्या या शहराला सेवांचे जॉबवर्क परके वाटण्याचे कारण नाही. तरीही या क्षेत्रातील परदेशी पैसा हिंजवडीपर्यंत येऊन थांबतो आणि आपली पदवीधर मुले रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तिकडे परत जातात.

येथे लहान सेवा कंपनी चालवणारे, उद्योजक संघटनांचे पदाधिकारी आणि महाविद्यालयांत प्लेसमेंटची जबाबदारी सांभाळणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. नमुना म्हणून बंगळूर किंवा पुणे मुद्दामच घेतलेले नाही, कारण त्या शहरांनी मिळवलेले यश मनुष्यबळाच्या प्रचंड संख्येवर उभे आहे आणि ती संख्या आपण कधीच दाखवू शकणार नाही. आपल्याला जवळचे आहेत ते लहान देश. मॉरिशसची लोकसंख्या सुमारे १२.५ लाख आहे, कोस्टा रिकाची सुमारे ५० लाख, आणि २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार. देश म्हणून मोजला असता तर आपला जिल्हा मॉरिशसच्या तिप्पट भरला असता. अर्थात त्या देशांना स्वतःचे करधोरण ठरवता येते आणि त्यांचे राजदूत परदेशात त्यांच्यासाठी दारे ठोठावतात, तशी सोय आपल्याला नाही. त्यामुळे त्यांचे सगळे उपाय उचलता येणार नाहीत. त्यांनी निवड कशी केली, ती पद्धत मात्र जशीच्या तशी उचलता येते.

कोण हवा आहे, हे आधी ठरवावे

‘परदेशी गुंतवणूकदार’ या एका शब्दाखाली तीन वेगळी माणसे येतात. पहिला केवळ काम देतो आणि त्याचे पैसे देतो. त्याचे भांडवल इथे येत नाही. दुसरा आपल्या कंपनीत हिस्सा घेतो. तिसरा स्वतःची उपकंपनी काढून, स्वतःच्या नावाचा फलक लावून, फक्त स्वतःचेच काम करणारे केंद्र उभे करतो. लहान देशांची सरकारे या तिसऱ्याच्या मागे लागतात, कारण त्यातून एकदम शेकडो नोकऱ्या निर्माण होतात. कोल्हापूरसारख्या शहराने सुरुवातीलाच तिसऱ्याच्या मागे धावणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शहराचे नाव त्याच्या संचालक मंडळाने ऐकलेले नाही, तिथे कोणी थेट केंद्र उघडत नाही. मात्र ज्या शहरातून दोन-तीन वर्षे बिनचूक काम येत आहे, तिथे हिस्सा घेण्याचा किंवा केंद्र काढण्याचा विचार तो आपणहून करू लागतो. म्हणून ग्राहक आधी, भागीदार त्यानंतर आणि केंद्र शेवटी, असा क्रम धरावा आणि पुढील सर्व तयारी त्या क्रमाने करावी.

एकच काम निवडावे

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

मॉरिशस हा आपल्यासारखाच उसाचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिथे गेलेल्या मराठी मजुरांनीही तो ऊस लावला आणि तोडला. त्यांचे वंशज आजही तिथे आपली मराठी ओळख जपून आहेत. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्या देशाजवळ साखरेखेरीज विकण्यासारखे फारसे काही नव्हते. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा करून त्यांनी कापड उद्योग आणला, मग पर्यटन, मग वित्तसेवा, आणि या शतकाच्या आरंभी भारताच्या कर्जसाहाय्याने एबेन येथे सायबर सिटी उभारली. ती उभारताना त्यांनी जगाला ‘आम्ही स्वस्त आहोत’ असे सांगितले नाही, कारण भारतापेक्षा ते स्वस्त नव्हतेच. त्यांच्या लोकांना इंग्रजीबरोबर फ्रेंचही सहज येते आणि त्यांचे घड्याळ फ्रान्सच्या केवळ दोन-तीन तास पुढे आहे, या दोन गोष्टींवर त्यांनी फ्रेंच भाषेतील काम मिळवले. भारतातील मोठ्या शहरांनाही ज्या कामात त्यांच्याशी सहज स्पर्धा करता येत नव्हती, तेच त्यांनी धरले.

उलट उदाहरण बार्बाडोसचे आहे. १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वापरलेल्या तिकिटांची नोंद करण्याचे काम अमेरिकेतील टल्सा येथून बार्बाडोसला हलवले. कागद विमानाने जात आणि नोंदी उपग्रहाद्वारे परत येत. त्या बेटावर शेकडो स्त्रियांना वातानुकूलित कार्यालयात नोकरी मिळाली. परंतु केवळ टायपिंगवर उभे राहिलेले ते काम पुढे स्कॅनरने आणि त्याहून स्वस्त ठिकाणांनी हळूहळू गिळले. आज साधे कॉल सेंटर किंवा निव्वळ डेटा एंट्री आणण्याचा प्रस्ताव कोणी मांडत असेल, तर त्याला बार्बाडोसची ही गोष्ट सांगावी. स्कॅनरच्या जागी आता बोलणारी आणि लिहिणारी संगणकप्रणाली आली आहे, एवढाच फरक.

मग कोल्हापूरने काय निवडावे? माझे उत्तर इंजिनिअरिंगचे कार्यालयीन काम हे आहे. जर्मनी, इटली किंवा इंग्लंडमधील मध्यम आकाराच्या पंप, व्हॉल्व्ह आणि कास्टिंग कंपन्यांना त्रिमितीय ड्रॉइंग तयार करणे, जुन्या कागदी आराखड्यांचे संगणकीकरण, ओतकामाचे सिम्युलेशन (संगणकावरील आभासी चाचणी), सुट्या भागांचे कॅटलॉग, कोटेशनसाठी खर्चाचा अंदाज आणि पुरवठादारांच्या तपासणी-अहवालांची छाननी अशी असंख्य कामे असतात. ही कामे करणाऱ्या मुलाला धातू वितळताना पाहिलेला असणे उपयोगी पडते. ड्रॉइंगवर कोपऱ्याला फिलेट (गोलाई) का द्यायचा किंवा कास्टिंगमध्ये कुठे ब्लोहोल (वायूची पोकळी) येईल, हे ज्याने शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सहा महिने काढून शिकले आहे, त्याच्याशी पुस्तकी ड्राफ्ट्समनची बरोबरी होत नाही. पाहुण्याला दाखवायला तर कार्यालयापासून वीस मिनिटांवर चालू भट्टीही आहे, आणि ही सोय चकचकीत आयटी पार्कवाल्या शहरांना विकत घेता येणार नाही.

दुसऱ्या क्रमांकावर इंग्लंडमधील लहान अकाउंटंट फर्मचे हिशेबाचे काम ठेवता येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून वकिलांची वर्दळ वाढली आहे, त्यामुळे कायदेशीर कागदपत्रांच्या छाननीचा विचारही कोणाच्या मनात येईल. तो आज घाईचा आहे. माहितीपत्रकावर मात्र या सगळ्यांची यादी छापू नये. जिथे थाळीपासून पिझ्झापर्यंत सगळे मिळते त्या हॉटेलात आपण स्वतःही पाहुण्यांना नेत नाही.

माणसे मोजावीत, अंदाज सांगू नये

‘आमच्याकडे दरवर्षी हजारो अभियंते तयार होतात’ हे वाक्य प्रत्येक शहर म्हणते आणि म्हणूनच ते ऐकून कोणी काही ठरवत नाही. गुंतवणूकदाराला कळून घ्यायचे असते ते हे की पहिल्या तीन महिन्यांत त्याला चाळीस माणसे मिळतील का, त्यांतील किती जण वर्षभर टिकतील आणि कोणी सोडून गेल्यास जागा किती दिवसांत भरेल. याचे उत्तर तयार ठेवण्याचा मार्ग सोपा पण कष्टाचा आहे. शहरातील दोन-तीन अभियांत्रिकी महाविद्यालये आणि पॉलिटेक्निक यांच्या सहकार्याने शंभर विद्यार्थ्यांची खरी परीक्षा घ्यावी; त्यांना प्रत्यक्ष ड्रॉइंग द्यावे, वेळ मोजावा, चुका मोजाव्यात, इंग्रजीत दहा ओळींचा ईमेल लिहून घ्यावा आणि निकाल नावांशिवाय पण आकड्यांसह मांडावेत. निकाल मध्यम लागला तरी लपवू नये. शंभरांतील तीस जण आज तयार आहेत आणि आणखी तीस जण चार महिन्यांच्या प्रशिक्षणाने तयार होतील, असे पुराव्यासह सांगणारा यजमान फुशारकी मारणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासू ठरतो.

कोस्टा रिकाची हीच रीत होती. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिंदे’ या त्यांच्या गुंतवणूक-प्रोत्साहन संस्थेने इंटेल कंपनीला १९९६ मध्ये देशात आणले, तेव्हा पुरेसे तंत्रज्ञ नाहीत ही उणीव कंपनीने आधीच हेरलेली होती. ती नाकारण्याऐवजी देशाच्या तंत्रशिक्षण संस्थांनी कंपनीबरोबर बसून अभ्यासक्रम बदलले. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून या भागाला पदवीधर देत आले आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत आठवड्याला चार तास जर्मन भाषा आणि तांत्रिक इंग्रजी यांचा वर्ग सुरू करणे, हे कोणत्याही सरकारी सवलतीपेक्षा लवकर फळ देणारे काम आहे.

पुण्याहून परत येऊ इच्छिणाऱ्यांचीही यादी करावी. आईवडील थकलेले, घर स्वतःचे, शेती वाटणीत अडकलेली, अशा कारणांनी पाच-सात वर्षांच्या अनुभवाची किती तरी माणसे परतण्याचे निमित्त शोधत असतात. चमूचा प्रमुख त्यांच्यातून निवडला तर नवख्या मुलांना सांभाळणारा अनुभवी माणूस पहिल्याच दिवशी मिळतो.

घड्याळ आणि कायदा एकत्र वाचावेत

पाळीचा विचार दर ठरवण्याच्या आधी करावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्यांना रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत कामावर बोलावायचे असल्यास त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहतुकीची जबाबदारी मालकावर येते. आता नकाशा पाहावा. जर्मनीतील कार्यालयाची सकाळी ८ ते दुपारी ४.३० ही वेळ आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी ११.३० ते रात्री ८ आणि हिवाळ्यात दुपारी १२.३० ते रात्री ९ अशी येते, म्हणजे वर्षभर मर्यादेच्या आत. लंडनची ९ ते ५ ही वेळ उन्हाळ्यात दुपारी १.३० ते रात्री ९.३० अशी अगदी काठावर बसते आणि हिवाळ्यात तासभर पलीकडे जाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी मात्र जवळजवळ पूर्ण रात्रपाळी लागते.

हा हिशेब कागदावर क्षुल्लक दिसतो, पण गारगोटी, कागल किंवा हातकणंगल्याच्या मुलीला तिचे घरचे नोकरीवर पाठवतील की नाही हे त्यावरच ठरते, आणि त्या मुली वगळल्या तर वर सांगितलेली शंभरांतील तीस जणांची संख्या निम्म्यावर येण्याची भीती आहे. राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या आरंभी बाहेरगावच्या मुलांना शिकता यावे म्हणून या शहरात वसतिगृहे उघडली. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी कार्यालयाजवळ सुरक्षित वसतिगृह हा त्याच विचाराचा आजचा अवतार म्हणता येईल, आणि गुंतवणूकदाराला ते दाखवण्यासारखेही आहे.

महापुराचा प्रश्न त्याने विचारण्यापूर्वी आपण काढावा

परदेशातील कोणताही सावध माणूस येण्यापूर्वी कोल्हापूरचे नाव संगणकावर शोधणार आणि त्याला ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ ची छायाचित्रे दिसणार. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि शहर उत्तरेकडून तुटले. हे झाकण्याचा प्रयत्न करणारा यजमान पहिल्याच बैठकीत विश्वास गमावतो.

त्याऐवजी एक लेखी पूर-योजना तयार ठेवावी. कार्यालयाची जागा पूररेषेच्या बाहेर आहे हे नकाशावर दाखवावे. शिरोली नदीच्या पलीकडे आहे, तर गोकुळ शिरगाव, कागल आणि उजळाईवाडीचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला एकाच बाजूस आहेत, हे जागा निवडताना लक्षात घ्यावे. इंटरनेटच्या दोन जोडण्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या असून भागत नाही. त्यांच्या तारा दोन वेगळ्या दिशांनी शहरात येतात का, हे विचारून लेखी घ्यावे, कारण दोन्ही तारा एकाच पुलावरून येत असतील तर दुसरीचा उपयोग शून्य. जनरेटरचे डिझेल किती दिवस पुरेल, कोणते कर्मचारी पाण्यात अडकतात आणि कोणते अडकत नाहीत, पुण्यात किंवा बेळगावात दहा खुर्च्यांची तात्पुरती जागा कोठे आहे, हे सर्व त्यात यावे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये बीपीओंसाठीचे, म्हणजे इतरांची कार्यालयीन कामे करून देणाऱ्या कंपन्यांसाठीचे, नियम सैल केले असून घरून काम करण्यातील जुन्या अडचणी त्यामुळे बऱ्याच दूर झाल्या आहेत. तेव्हा घरून काम हाही योजनेचा भाग करावा. शक्य असल्यास जूनमध्ये एक दिवस कार्यालय मुद्दाम बंद ठेवून या योजनेची रंगीत तालीम घ्यावी आणि तिचा अहवाल, त्यात उघडकीस आलेल्या चुकांसह, पाहुण्याच्या हाती द्यावा.

कर आणि कंपनीचे स्वरूप

हा भाग सनदी लेखापालाकडे सोपवण्याचा आहे, पण त्याला काय विचारायचे हे माहीत असावे. या क्षेत्रात १०० टक्के परदेशी गुंतवणूक सरकारी पूर्वपरवानगीशिवाय करता येते. हिस्सा घेतल्यास समभाग वाटप झाल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा अर्ज भरावा लागतो, आणि कंपनीच्या संचालकांपैकी किमान एक जण त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो. पाहुणा शाखा काढण्याची गोष्ट करू लागला, तर त्याला स्वतंत्र कंपनीचा सल्ला द्यावा, कारण शाखेने आपल्याच परदेशी मुख्यालयाला दिलेली सेवा जीएसटीच्या दृष्टीने निर्यात ठरत नाही, तर भारतात नोंदलेल्या उपकंपनीने दिलेली सेवा बाकीच्या अटी पुऱ्या झाल्यास ठरते. निर्यातीवर कराचा दर शून्य असतो आणि हमीपत्र दाखल केले की कर न भरता बिल पाठवता येते. करारात आपण ‘मध्यस्थ’, म्हणजे दोन पक्षांची केवळ गाठ घालून देणारे, आहोत असा अर्थ निघणारे एकही वाक्य राहू देऊ नये. सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाने स्वतःच्या नावावर काम करणारे बीपीओ मध्यस्थ नाहीत हे स्पष्ट केले असले, तरी करारातील ढिलाईमुळे वाद उद्भवतोच.

सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना १९९१ पासून चालू आहे आणि तिचे केंद्र कोल्हापुरातही आहे, परंतु तिच्याशी जोडलेली आयकराची सुटी ३१ मार्च २०११ रोजी संपली. तरीही काही जुनी सादरीकरणे आजही त्या सुटीचे गाजर दाखवतात. चुकीच्या सवलतीचे आश्वासन दिल्याचे पाहुण्याच्या सल्लागाराने दाखवून दिले, की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

माहितीची राखण

युरोपातील ग्राहकाचा पहिला प्रश्न दराचा नसतो. त्यांचा माहिती-संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू आहे आणि भारताला त्यांनी ‘पुरेसे सुरक्षित’ असा दर्जा दिलेला नसल्याने व्यक्तिगत माहिती इकडे पाठवताना त्यांनी ठरवून दिलेली प्रमाणित कलमे करारात घालावी लागतात. मॉरिशसने हा प्रश्न २०१७ मध्ये स्वतःचा कायदा त्याच धर्तीवर करून सोपा केला. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात परदेशी कंपनीशी केलेल्या करारानुसार परदेशस्थ लोकांच्या माहितीवर इथे होणाऱ्या प्रक्रियेला अनेक अटींतून सूट आहे, मात्र ती माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कायम आहे. इंजिनिअरिंगच्या कामाचा एक जादा फायदा इथे दिसतो: पंपाच्या ड्रॉइंगमध्ये व्यक्तिगत माहिती जवळजवळ नसते. गुपित मात्र असते. त्यामुळे आयएसओ २७००१ हे माहिती-सुरक्षेचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत थांबू नये आणि पेन ड्राइव्हवर बंदी, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद, अभ्यागतांची नोंदवही, एवढे तरी पहिल्या आठवड्यात सुरू करावे. एका ग्राहकाचे ड्रॉइंग शेजारच्या टेबलावरील दुसऱ्या ग्राहकाच्या चमूला दिसू नये, ही अट उद्यमनगरच्या मोकळ्याढाकळ्या सवयींना सर्वांत जड जाते, हे अनुभवाने सांगतो.

पाहुणा शोधणे आणि त्याची भेट

परदेशात महागडे रोड शो करण्याची गरज नाही. पहिला दुवा आधीच इथल्या निर्यातदार फाउंड्रीच्या ऑफिसात बसलेला आहे: जे युरोपीय खरेदीदार आज आपले कास्टिंग घेतात, त्यांच्याच डिझाइन विभागाला कोणते काम तुंबले आहे हे फाउंड्री मालकाने विचारावे. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्सचे कार्यालय पुण्यात आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फाउंड्रीमेनची शाखा कोल्हापुरात आहे. आणि जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे ‘गिफा’ हे ओतकामाचे मोठे प्रदर्शन दर चार वर्षांनी भरते, २०२३ नंतरचे २०२७ मध्ये. तिथे जाणाऱ्या कोल्हापुरी उद्योजकांच्या पिशवीत यंत्रसामग्रीच्या चौकशीबरोबर सेवा कंपनीचे एक पानी पत्रकही जायला हवे. त्या एका पानावर केलेल्या कामाचे दोन नमुने, लागलेले तास आणि सापडलेल्या चुका एवढेच असावे.

भेटीविषयी मात्र कोल्हापूरकरांना सावध करणे भाग आहे, कारण आपले आदरातिथ्य कधी कधी आपल्याच अंगावर येते. काही वर्षांपूर्वी अशा एका भेटीला मी हजर होतो. फेटा, शाल, श्रीफळ, प्रत्येक मान्यवराचे मनोगत आणि मग जेवण, यात दुपार गेली. निघताना पाहुण्याने एकच प्रश्न विचारला: तुमचा सर्व्हर रात्री बंद पडला तर फोन कोण उचलतो? उत्तर ठाऊक असलेला एकही माणूस त्या सभागृहात नव्हता, कारण त्याला निमंत्रणच नव्हते. पाहुणा पुन्हा आला नाही.

म्हणून सत्कार पंधरा मिनिटांत आटोपावा. नंतर पाहुण्याला टेबलापाशी बसवून चालू काम पाहू द्यावे, आणि किमान अर्धा तास त्याला कर्मचाऱ्यांबरोबर एकटे सोडावे. मालक शेजारी उभा असताना कोणताही मुलगा पगार आणि रजा यांविषयी खरे बोलत नाही, हे त्यालाही कळते. वीज, इंटरनेट, भरती, हिशेब आणि सुरक्षा या प्रत्येक विषयाचा एक प्रत्यक्ष काम करणारा माणूस उत्तरासाठी तयार असावा. आधीच्या ग्राहकाशी परस्पर बोलण्याची सोय करून द्यावी. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि पन्हाळा दुसऱ्या दिवशी ठेवावेत. पांढरा रस्सा पहिल्या रात्री चालेल. तांबडा रस्सा करार होईपर्यंत जपून वाढावा, कारण सकाळची बैठक वाया गेल्याची उदाहरणे आहेत.

सँपल, दर आणि पुढे

पहिले काम मुद्दाम लहान घ्यावे, सहा-आठ आठवड्यांचे, आणि त्याचे पूर्ण पैसे घ्यावेत. फुकट केलेल्या सँपलकडे ग्राहकाचा कोणताही जबाबदार अधिकारी लक्ष देत नाही, त्यामुळे पास-नापास ठरायचेच राहून जाते. दर तासावर न ठेवता ड्रॉइंगवर किंवा संचावर ठेवावा आणि चुकीची व्याख्या करारातच लिहावी: माप चुकले तर काय, वेळ टळली तर काय, ग्राहकाने मध्येच ड्रॉइंग बदलले तर काय. शेवटची बाब आपल्या बाजूने न लिहिल्यामुळे नफ्याचे काम तोट्यात गेल्याचे प्रत्येक जॉबवर्कवाल्याने भोगलेले आहे. दर सोमवारी चुकांचा तक्ता आपणहून पाठवावा, चूक शून्य असली तरीही. करार कसा संपवायचा, कोणती माहिती परत द्यायची आणि किती दिवसांची सूचना लागेल, हे कलम ग्राहकाच्या वकिलाने मागण्यापूर्वी आपल्या मसुद्यात असावे.

काम स्थिर झाल्यावर त्याची देखभाल कोणी करायची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. २०१४ मध्ये इंटेलने कोस्टा रिकातील चिप-जोडणीचा कारखाना बंद करण्याचे ठरवले आणि सुमारे १,५०० नोकऱ्या गेल्या. पण तिची अभियांत्रिकी व सेवा केंद्रे त्याच देशात राहिली, कारण मधल्या वर्षांत तिथल्या लोकांनी जोडणीपलीकडची कामे शिकून घेतली होती. आपल्या चमूनेही दर सहा महिन्यांनी ग्राहकासमोर सध्याच्या कामापेक्षा एक पायरी वरचे काम मांडावे: ड्रॉइंग करणाऱ्यांनी सिम्युलेशन, सिम्युलेशन करणाऱ्यांनी वजन आणि खर्च कमी करण्याचे पर्याय. त्यासाठी मालकाखेरीज एका व्यक्तीची नेमणूक करावी, तिचा फोन ग्राहकाच्या वेळेत चालू असावा आणि विमानाच्या वेळापत्रकापासून थकलेल्या बिलापर्यंत त्याची प्रत्येक अडचण तिच्या वहीत तारखेसह नोंदलेली असावी. हिस्सा घेण्याचा विषय ग्राहक काढेल तेव्हा मूल्यमापन करणाऱ्यासमोर ठेवायची पहिली वस्तू तीच वही आहे.